दोन बोटं फेणी

कुडतरी, १४ ऑक्टोबर २०१८

मिंगेल,

तिथे फोन देत नाहीत आणि आलेलं प्रत्येक पत्र आधी सिस्टर इर्मिना वाचतात, असं आर्सेलने सांगितलं. म्हणून पहिला नमस्कार सिस्टरना. सिस्टर, तुमच्या व्यसनमुक्ती केंद्रात जो माणूस दाखल झालाय, तो दोन वर्षांपूर्वीपर्यंत सासष्टीतला सगळ्यात जाडा विनोदी नट होता. आमच्या कोंकणी नाटकाच्या, तियात्राच्या, जाहिरातीत त्याचं नाव 'मुडो' असं यायचं. भाताचा मुडा बांधतात ना पेंढ्याने, गोल गरगरीत, तसा. आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात माझं नाव, 'काडी'. बावीस वर्षं आम्ही जोडीने लोकांना हसवलं, म्हणजे तो हसवायचा आणि मी बाजूला उभा राहून थपडा खायचो. दिवसा मी कपडे शिवतो.

पत्र लिही असं तू सांगितलं नाहीस, ठाऊक आहे. आर्सेल, बायको तुझी, दुकानात आली, म्हणाली, "कुंपार, चार ओळी लिही, त्याला बरं वाटेल." तुझ्या पोरीच्या बाप्तिस्म्याला मी पाद्रीन, म्हणजे धर्मपिता, होतो, तेवढ्या नात्यापोटी लिहितोय. तुला बरं वाटावं म्हणून लिहावं असं तू काही केलेलं नाहीस.

एकशे सेहेचाळीस किलोचा माणूस. देवाने दिलेलं पोट होतं, त्या पोटावर अख्खं घर चाललं, पोरगी शिकली. पण साहेबांना फोटोत बारीक दिसायचं होतं. गेलास बंगळूरला, पोट कापून घेतलंस, अंड्याएवढी पिशवी शिल्लक ठेवून आलास. कमरेचं माप अठ्ठावन्नवरून छत्तीसवर आलं. बावीस इंच. मी शिवलेल्या तुझ्या सगळ्या पँटी मलाच उसवून पुन्हा शिवाव्या लागल्या, आणि टेप लावताना तू आरशात बघत होतास ते मला अजून दिसतं. नवऱ्या मुलीनेसुद्धा स्वतःला इतकं न्याहाळू नये.

डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की दारूला शिवू नकोस. जुनं पोट दारू थोडी धरून ठेवायचं, आता ती सरळ खाली उतरणार आणि रक्तात जाणार. पूर्वी अर्धी बाटली जे करत नव्हती ते एक घोट करील. हे तू मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंस. म्हणजे तुला ठाऊक होतं. तरी प्यायलास, आणि आठ सप्टेंबरला रायच्या चर्चच्या हॉलमध्ये भर खेळात रंगमंचावरून खाली बँडवाल्यांच्या अंगावर पडलास. तीन फासळ्या तुझ्या मोडल्या, ट्रम्पेट बिचाऱ्या वाजवणाऱ्याचा मोडला. लोकांना वाटलं खेळातलंच आहे. हसत राहिले.

कोणी तुझ्या नरड्यात ओतली नव्हती. एवढं स्पष्ट लिहून ठेवतो, सिस्टरनाही कळू दे.

लिगोर


कुडतरी, २८ ऑक्टोबर २०१८

मिंगेल,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तुला पाठ केलेलंच बोलता येतं, आणि तेही मी दोन ओळी आधी खूण दिल्यावर.

आपल्या कंपनीचा मालक, रोमाल्द पात्रांव, नवा तियात्र बसवतोय. तुझं नाव जाहिरातीतून काढलं. दुःख झालं असं तो म्हणाला, आणि त्याच दमात विचारलं की तुझ्या मापाचा लाल कोट माझ्या दुकानात आहे का. पात्रांव तो पात्रांवच.

सिस्टरनी तुला सगळं पहिल्यापासून आठवून लिहायला लावलंय म्हणे. आर्सेल सांगत होती की तुला मागची दोन वर्षं नीट आठवत नाहीत. तुझं डोकं आधीही भाड्यानेच घेतलेलं होतं, म्हणून मी आठवून देतो.

ऑपरेशननंतर नऊ महिन्यांनी तू पहिल्यांदा उभा राहिलास तो खेळ बाणावलीला होता. पूर्वी तुझी एंट्री कशी असायची? दारात अडकायचास. फक्त अडकायचास, बाकी काहीच करायचा नाहीस, आणि लोक मिनिटभर हसायचे. मी आतून ढकलायचो, घाम माझा गाळायचो आणि टाळ्या तुझ्या पोटाला. त्या दिवशी तू त्याच दारातून आलास. सरळ आलास, टपाल द्यायला पोस्टमन येतो तसा. कोणाला कळलंच नाही कोण आलाय. तू पहिलं वाक्य टाकलंस, दुसरं टाकलंस. तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, आणि सगळ्या हॉलला ऐकू गेलं, "पण मुडो येणार तरी कधी?"

तेव्हा मात्र लोक हसले.

मग पात्रांवने मला कापसाचं पोट शिवायला सांगितलं. मी शिवलं, आत दोन उशा होत्या. तू ते घातलंस, एक खेळ केलास, आणि मागच्या खोलीत येऊन भिंतीवर आपटलंस. लोकांना कापूस ओळखता येतो, मिंगेल. बाकी त्यांना काही कळत नाही. तियात्र म्हणजे काय, वाक्य कुठे थांबवायचं, गाणाऱ्याचा सूर लागला की सुटला, सगळं त्यांना सारखंच. पण माणूस खरोखर जाडा आहे की नाही, तेवढं मात्र पंधराव्या रांगेतूनही कळतं.

पात्रांवने तुझ्या तीन प्रवेशांचा एक केला. पुढच्या महिन्यात तोही जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

पुढचा खेळ चांदरला. मागच्या खोलीत तू हात चोळत बसला होतास, तोंड कोरडं पडलं होतं. तिथे कोणीतरी तुला चहाच्या ग्लासात दोन बोटं काजूची फेणी दिली. धीर यावा म्हणून. कोणी दिली ते आता महत्त्वाचं नाही. दहा मिनिटांत तुझे डोळे विरघळले. रंगमंचावर गेलास, माझ्याकडे बघून हसलास, वळलास, बसायला गेलास आणि खुर्ची हातभर चुकलास.

हॉल कोसळला हसून. बावीस वर्षांत तसं हसू मी ऐकलं नव्हतं.

पात्रांवने त्याच आठवड्यात तुझ्यासाठी बेवड्याचा भाग लिहिला. तो तू पुढे दहा महिने केलास. लोक सांगायचे, काय नट आहे, थेंब न घेता कसा हुबेहूब झिंगतो.

आठवतंय का काही?

लिगोर


कुडतरी, ११ नोव्हेंबर २०१८

मिंगेल,

आर्सेल काल तुझ्या दोन पँटी घेऊन आली. अजून दोन इंच आत घ्यायच्या आहेत म्हणे. मी म्हटलं, चौतीस इंच कंबर तर लग्नात माझीसुद्धा नव्हती, म्हणजे झालं असतं तर. ती हसली नाही. स्टुलावर बसली, आणि मडगावच्या डॉक्टरने जे सांगितलं ते मला सांगत राहिली. मशीन थांबवून ऐकावं लागलं.

आम्हाला सगळ्यांना वाटत होतं की तू दारूने झोकांड्या खायचास. पूर्ण खरं नाही, असं डॉक्टर म्हणतो. पोट कापलेल्या माणसाने गोळ्या घेतल्या नाहीत, जेवला नाही, ओकत राहिला, आणि वर दारू प्यायला, तर अंगातलं बी जीवनसत्त्व संपतं. मग पाय बधिर होतात. डोळ्यांना एकाचे दोन दिसतात. आठवण जाते. तुझे पाय मे महिन्यापासूनच बधिर होते म्हणे. घरात तू भिंत धरून चालायचास, आणि आर्सेलला सांगायचास की भूमिकेचा सराव करतोय.

म्हणजे मेपासून पुढे लोक ज्याला हसत होते तो तुझा अभिनय नव्हता आणि निम्मा वेळ दारूही नव्हती. तुझे पाय मरत होते.

आर्सेलने आणखी एक सांगितलं. ऑपरेशन फोटोसाठी नव्हतं, गुडघे आणि साखर यांच्यासाठी होतं, आणि झोपेत तुझा श्वास थांबायचा, ती रात्ररात्र बसून मोजायची. मला हे ठाऊक होतं. फोटोचं मी लिहिलं कारण ते लिहायला बरं वाटलं.

मग ती म्हणाली की सिस्टर तुला विचारतात, पहिला ग्लास कोणी दिला, रोज कोण द्यायचं, आणि तू सांगतोस, "मीच ओतून घ्यायचो. दुसरं कोणी नव्हतं." तिला वाटतं तुला खरंच आठवत नाही. मला वाटतं तू नाटक करतोस. तिथेसुद्धा मोठा भाग तुलाच हवा. उदार मिंगेल, कोणाचं नाव न घेणारा मिंगेल. तुझा उदारपणा मला कधीच मानवला नाही. पहिल्या पंक्तीत बसवून मला उरलेलं वाढायचास तू.

पँटी आत घेतल्या आहेत. तिच्याबरोबर पाठवतो.

पात्रांव काल दुकानात आला होता. बेवड्याचा भाग मी करावा असं त्याचं म्हणणं. लोकांना तो हवाच आहे, आणि तुझी चाल माझ्याइतकी जवळून दुसऱ्या कोणी पाहिलेली नाही.

मी हो म्हटलं.

लिगोर


कुडतरी, २ डिसेंबर २०१८

मिंगेल,

परवा खेळ झाला. केळशीला, सणाचा खेळ, हॉल भरलेला. तुझा लाल कोट मी माझ्या मापाचा करून घेतला होता.

मी तुझी चाल केली. डावा पाय आधी उचलायचा, मग तो कुठे पडला हे खाली बघायचं. हात हवेत भिंत शोधतो. बोलता बोलता वाक्य सुटतं आणि चेहऱ्यावर ते गोड, मूर्ख हसू. सगळं केलं. लोक हसले. मला हसले, मिंगेल, माझ्या एकट्याला, बावीस वर्षांत पहिल्यांदा. बाजूला कोणी मुडो नव्हता. ते हसू छातीवर आदळतं हे मला माहीत नव्हतं. तू इतकी वर्षं ते अंगावर घ्यायचास आणि मागे येऊन फक्त भूक लागली म्हणायचास.

आर्सेल चौथ्या रांगेत होती. पात्रांवने बोलावलं होतं, मला सांगितलं नव्हतं.

आता सिस्टर, हे नीट वाचा आणि त्यालाही वाचून दाखवा, कारण त्याचं लक्ष टिकत नाही असं ऐकतो.

ग्लास मी द्यायचो.

चांदरला पहिला मी दिला. तेव्हा खरंच धीर यावा म्हणून दिला, असं मी स्वतःला सांगत आलोय. कदाचित खरंही असेल. पण तू खुर्ची चुकलास, लोक हसले, आणि पुढच्या खेळाला मी घरून बाटली आणली. पात्रांवने सांगितलं नव्हतं. तू मागितली नव्हतीस. तुझ्या प्रवेशाआधी दहा मिनिटं मोजून मी पडद्यामागच्या फळीवर ग्लास ठेवायचो. दोन बोटं, कधी तीन. तू यायचास, घ्यायचास, आणि आपण त्याबद्दल एक अक्षर बोलायचो नाही.

एप्रिलमध्ये माजोर्ड्याला तू म्हणालास, "लिगोर, आज नको." तुला आठवत नसेल. मला आठवतं, कारण त्या दिवशी तू माझ्याकडे न बघता, बूट घालता घालता म्हणालास. ग्लास तिथेच ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा रिकामा होता.

त्यानंतर तू घरीही प्यायला लागलास. कोंबड्यांच्या खुराड्यात बाटल्या सापडल्या, असं आर्सेलने जूनमध्ये मला रडत सांगितलं, आणि कुंपार, तू त्याला समजाव, असं म्हणाली. मी समजावतो म्हटलं. त्याच संध्याकाळी खेळ होता.

का, असं सिस्टर विचारतील. जोडी टिकावी म्हणून, असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. तू जाडा होतास तोपर्यंत मला तुझा राग नव्हता. मुडा होता म्हणून काडी होती. तू बारीक झालास आणि रंगमंचावर दोन काड्या झाल्या, आणि त्यातली दिसायला बरी काडी तू होतास. बायकामाणसं मला विचारायची, मिंगेल किती छान दिसतो हल्ली, नाही? बावीस वर्षं मी तुझं पोट सोसलं, ते गेल्यावर तुझा चेहरा सोसायचा होता. ग्लास घेतल्यावर तो चेहरा सुटायचा. मी ते जवळून बघायचो, आणि मला बरं वाटायचं.

रायला तू खाली पडलास तेव्हा मला आवाजावरून कळलं की हे खेळातलं नाही. लाकूड मोडल्यासारखा आवाज होता. लोक हसत होते. मी रंगमंचाच्या कडेला गेलो, खाली बघितलं. तुझे डोळे उघडे होते, तू माझ्याकडे बघत होतास. आणि मी म्हणालो, "बघा, बँड बरोबर घेऊनच झोपला." सगळ्यात मोठा हशा त्या वाक्याला मिळाला. मग मी खाली उतरलो.

पहिल्या पत्रात तुला नरडं आणि ओतणं वगैरे लिहिलं ते मी आता खोडू शकत नाही, सिस्टरकडे आहे. राहू दे.

मी तुझी माफी मागत नाही. तू लगेच देशील, आणि वर दोन जणांना सांगशील की दिली.

लिगोर


कुडतरी, १६ डिसेंबर २०१८

मिंगेल,

ते पत्र टाकलं त्याच दिवशी मी तुझ्या घरी गेलो. आर्सेल अंगणात मासे साफ करत होती. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. एप्रिलचंही. मला वाटलं विळी फेकून मारील, निदान शिव्या तरी घालील. मी तयारीने गेलो होतो, उत्तरंसुद्धा काढून ठेवली होती. तिने मान वर केली नाही. बांगडे संपवले, हात धुतले, आत गेली आणि डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आली.

"सकाळी आठला दोन गोळ्या, दुपारी एक, रात्री दोन," ती म्हणाली. "गुरुवारी इंजेक्शन. चार वेळा थोडं थोडं जेवण, त्याला भूक कळत नाही म्हणून समोर बसावं लागतं. मला शाळेच्या कँटीनमध्ये सातला जावं लागतं. तो घरी आला की सकाळचं तू बघायचं."

मी म्हटलं, आर्सेल, मी काय सांगतोय ते तू ऐकलंस ना?

"ऐकलं. दहा महिने वेळ न चुकता ग्लास ठेवलास. गोळ्या ठेवायला तुला जड जाणार नाही."

एवढंच. मग आत गेली आणि दार लावून घेतलं. कडी लावल्याचा आवाज मला ऐकू यावा इतक्या जोरात. आयुष्यात माझ्याशी इतक्या तुच्छतेने कोणी बोललं नव्हतं, आणि मी त्यातलं एक अक्षर खोडू शकलो नाही. चिठ्ठी दुकानात मशीनच्या वर चिकटवली आहे.

काल सिस्टर इर्मिनांचं पत्र आलं. अक्षर सुंदर आहे त्यांचं. लिहितात की माझं पत्र त्यांनी तुला वाचून दाखवलं, सगळं, काही न गाळता. फळीवरच्या ग्लासाचं ऐकून तू म्हणालास, "ते मला आठवतं, पुढे वाचा." माजोर्ड्याचं तुला आठवलं नाही. ते दोनदा वाचायला लावलंस, तरी आठवलं नाही. रागावलास का, हे सिस्टरना कळलं नाही. तू मला भेटायचं की नाही तेही सांगितलं नाहीस. शेवटी एवढंच म्हणालास की लिगोरला एक विचारा: केळशीला लोक नेमके कधी हसले, वळताना की खुर्ची चुकल्यावर?

सिस्टर लिहितात, हा प्रश्न मला समजला नाही, पण त्याने दोन वेळा बजावलं म्हणून कळवते.

मला समजला. वाचून मी दुकान बंद केलं.

मिंगेल, वळताना हसले. तू नेहमी म्हणायचास की हशा वळण्यात आहे, खुर्ची फक्त पावती आहे, आणि मी तुला मूर्ख म्हणायचो. तुझंच बरोबर होतं. वळलो आणि हॉल फुटला, आणि त्यात मला आर्सेल दिसली. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. ती माझ्या पायांकडे बघत होती. डाव्या पायाकडे. घरात रोज बघायची तसं बघत होती.

मागच्या पत्रात हे मी लिहिलं नाही. मला हसले एवढंच तुला कळावं असं वाटत होतं. मी सरळ उभा राहिलो. कोट काढला, हातावर घेतला आणि चालत आत गेलो, माझ्या चालीने. लोकांना वाटलं हेही खेळातलंच आहे, आणखी थोडं हसले, मग थांबले. पात्रांव आत ओरडत होता. दुसऱ्या दिवशी त्याने माझंही नाव काढलं.

तेव्हा खुर्चीचं मला सांगता येत नाही. मी तिथपर्यंत गेलोच नाही.

लिगोर